डाव्या टाचेचं पाणी

सटवानं विहिरीच्या तळातून हाक मारली तेव्हा त्याचं नाक गच्च बंद होतं. वर कुणालाच हे माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी साध्या सर्दीतून एवढा मोठा घोटाळा होईल असं कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

"नीलाबाईऽऽ, पाय धुवायला या! पाणी लागलंऽऽ!"

सहा परस, म्हणजे एकावर एक सहा माणसं उभी राहतील एवढ्या खोल खड्ड्यातली हाक भिंतींवर आपटत, गिरक्या घेत वर येते, आणि वर येईस्तोवर माणसापेक्षा मोठी होते. धारूरच्या डोंगराच्या पोटाशी असलेल्या बोरखिंडीच्या वस्तीवर मालकीणबाई नीलाबाईंनी ती ऐकली आणि हातातली परात तशीच टाकून त्या चिखलातून पळत सुटल्या. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, एका पायातली चप्पल वाटेत चिखलानं ठेवून घेतलेली. विहिरीच्या काठावर क्रेनचा दांडा धरून सटवाची बायको छबुबाई बसली होती. तिनं लोखंडी डबा वर घेतला, त्यातलं गढूळ पाणी नीलाबाईंच्या पायांवर ओतलं, आणि दोघी भर पावसात एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

भर पावसात. वरून धार लागलेली असताना खालून पाणी लागलं, यात काही काळंबेरं असू शकतं, ही शंका त्या वेळी फक्त बांधावरच्या म्हशीला आली असावी. तिनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

माणसांना शंका आली नाही, कारण हाक सटवाची होती.

सटवा मूळचा आष्टीकडच्या कडा गावचा. पन्नाशी उलटलेला, उन्हात वाळलेल्या शेंगेसारखा, कान मात्र मोठे आणि आब राखून असलेले. बाप पहारीनं विहिरी खोदायचा, हा क्रेननं खोदतो. आष्टीपासून धारूरपर्यंतच्या मुलखात त्याच्या टोळीच्या विहिरी आहेत, आणि त्यातल्या एकीवरही त्यानं वेळेआधी तोंड उघडलेलं नाही. दुसऱ्या टोळ्यांचे लोक दगड जरा ओला दिसला की बोंब ठोकतात. सटवा तसा नाही. दगड घामेजला की तो आधी तंबाखू बंद करतो. मग ओंजळभर पाणी तोंडात घेतो, डोळे मिटतो, गालातल्या गालात फिरवतो आणि थुंकतो. पावसाचं मुरलेलं पाणी अळणी लागतं, झऱ्याच्या पाण्याला दगडाची चव असते, असं त्याचं म्हणणं. एकदा एका बागायतदारानं त्याची परीक्षा घ्यायला खड्ड्यात टँकरचं पाणी ओतून ठेवलं होतं. सटवानं चूळ भरली आणि टँकर कुठल्या गावचा तेही सांगितलं. गाव चुकलं, पण टँकर बरोबर निघाला, आणि लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

अशा जिभेला सर्दी झाली.

आता मे महिन्यात सर्दी व्हावी हीच मुळात बीड जिल्ह्याची बदनामी. मे म्हणजे आमच्याकडं कसा, तर चप्पल उन्हात राहिली तर पाय घालायच्या आधी तिला फुंकर मारायची. टँकरचा हॉर्न वाजला की घागरींच्या आधी भांडणं धावतात. विहिरीच्या तळाशी तर दगड असा तापतो की टोळीतला सिदू दुपारची भाकर त्याच्यावरच शेकायचा, निदान तसं सांगायचा. आणि त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यातच डोंगरावरून काळे ढग उतरले ते उतरतच राहिले. रोज दुपारी वावटळ, मग वीज, मग पाऊस. लग्नाचा एक मंडप बाभळीवर जाऊन बसला आणि नवरदेव पिकअपच्या ताडपत्रीखालून बोहल्यावर चढला. कूलरच्या टाकीत बेडकं झाली. टँकरवाला दोन दिवस रिकामा हिंडला आणि तिसऱ्या दिवशी मासे धरायला गेला. अशा हवेत क्रेनशेजारच्या ताडपत्रीखाली झोपणाऱ्या माणसाचं नाक बंद न होऊन सांगतं कुणाला?

तर, हाक गेली. नीलाबाईंनी नवऱ्याला फोन लावला. राजेश्वरअप्पांचं धारूरला किराणा दुकान. शेत मात्र नीलाबाईंचं, माहेरहून आलेलं. त्यात मोसंबी लावायची हे त्यांचं जुनं स्वप्न, आणि "आधी पाणी दाखव, मग मोसंबी" हे अप्पांचं तेवढंच जुनं उत्तर. फोन आल्यावर अप्पांनी शेजारच्या हलवायाकडून पेढे आणले आणि गिऱ्हाइकांना, रस्त्यानं जाणाऱ्यांना, इतकंच काय उधारी बुडवणाऱ्या एकालासुद्धा वाटले.

त्याच दिवशी जेवण झालं. पाणी लागलं की मालकानं टोळीला जेवू घालायचं, हा या धंद्यातला शिरस्ता. दुसरीकडं बोकड पडतं. पण घर लिंगायताचं. काम सुरू झालं तेव्हाच बोकड मनातून काढून टाकायला सिदूला दोन दिवस लागले होते. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. पत्र्याच्या शेडखाली पंगत बसली आणि वस्तीवरची सगळी घरं जेवायला आली.

अप्पा वाढता वाढता सटवाजवळ थांबले. "सटवाभाऊ, राग नका मानू. वरून बी पडायलंय, खालून बी आलंय. काही घोळ न्हाई ना?"

सटवाचा हात आमटीच्या वाटीवर थबकला. पंगत ऐकत होती.

"अप्पा, ह्या जिभेवर आजवर कुणी बोट ठेवलं न्हाई," तो म्हणाला. "हे पाणी झऱ्याचं नसलं ना, तर ह्या अख्ख्या वस्तीला मी पुरणपोळी जेवू घालीन. सोताच्या हातानं रांधून!"

छबुबाईला ठसका लागला. या माणसाला चहा करायला सांगितलं तर पातेलं शोधता शोधता हा शेजारच्या घरी जाऊन चहा पिऊन येई, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

ठसका ओसरला तोच सटवा तिच्या कानाशी वाकून पुटपुटला, "पोळी बरी झालीय. गूळ तेवढा विसरल्या वाटतं."

छबुबाईच्या हातातल्या पोळीतून गुळाचं सैल पुरण मनगटापर्यंत ओघळत होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"नाक बंद हाय का तुमचं?"

"थोडं."

"कवापासून?"

"परवापासून. कावून?"

 छबुबाईनं आणखी एक पोळी मागून घेतली. पुढं काय होणार ते समजल्यावर माणसानं पोटभर जेवून घ्यावं, एवढं तिला कळत होतं.

मग ऊन पडलं. दोन दिवस असं लख्ख, की वस्तीवरच्या बायकांनी गोधड्यांपासून सासूपर्यंत सगळं उन्हात काढलं. मोटर लावून विहीर उपसली, आणि तळ उघडा पडला तो उघडाच राहिला. ज्या फटीतून पाणी येत होतं ती फट कोरडी. सटवानं तिच्यात बोट घातलं, काडी घातली, शेवटी कान लावला. आतून काहीच आवाज नव्हता. वरून मात्र सिदूचा आला.

"अण्णा! झरा घावला तुमचा! मी वर गेलतो डोंगराकडं!"

"कुठं हाय?"

"मुरमाची जुनी खाण हाय बघा, तिच्यात. पावसानं भरली होती, आता आटली. म्हशी बसत्यात त्यात!"

विहिरीच्या तळाशी सटवानं फटीला लावलेला कान काढला. म्हणजे खाणीतल्या डबक्याचं पाणी भेगेतून झिरपत खाली आलं होतं. नीलाबाईंच्या पायांवर ओतलेलं, तांब्यात भरून देवापुढं ठेवलेलं आणि त्यानं डोळे मिटून चाखलेलं पाणी म्हशींच्या न्हाणीघरातलं होतं.

अप्पा स्कूटरवरून आले. विहिरीत डोकावले, खाणीपर्यंत जाऊन आले, आणि सटवासमोर उभे राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सटवाभाऊ," अप्पा शांतपणे म्हणाले, "मी सगळ्या धारूरला पेढे वाटले. आता परत कसे घ्यायचे?"

आधी हसू फुटलं ते नीलाबाईंना. मग छबुबाईला, मग सिदूला. सटवा हसला नाही.

"आता असं करा," अप्पा स्कूटरला किक मारत म्हणाले, "इथून पुढं तुमी बोंबलून घसा फोडला तरी मी दुकान सोडून येणार न्हाई. पाणी लागलंच तर पाण्यालाच म्हणावं, फोन कर."

दुसरा कुणी मिस्त्री असता तर "जागाच वंगाळ हाय" म्हणून त्यानं क्रेन ट्रॅक्टरला जोडली असती. सटवाला ते जमण्यासारखं नव्हतं. पाण्याचं जेवण जेवून उठलेली टोळी विहीर कोरडी टाकून गेली, असं एकदा मुलखात झालं की संपलं. पुढच्या साली त्याच्या हाकेवर कुणी मान तरी वळवली असती का? आणि मृगाला उशीर नव्हता. एकदा पेरण्यांची घाई लागली, विहिरीच्या कडा भिजून सुटायला लागल्या, की क्रेन उचलून घरी जावंच लागणार. त्याआधी या दगडातून खरं पाणी काढायचं होतं.

आणि पाऊस पुन्हा सुरू झाला.

इथून पुढचे दिवस बोरखिंडीच्या वस्तीनं अजून जपून ठेवले आहेत. जन्मभर आभाळाकडं तोंड करून पाऊस मागणारी माणसं आता त्याच आभाळाला "थांब की रे बाबा जरा" म्हणत होती. कारण पाऊस थांबल्याशिवाय विहिरीतलं पाणी कुणाचं, वरचं का खालचं, हे कळायला मार्गच नव्हता. सकाळी मोटर लावून रात्रीचं पाणी उपसायचं, दुपारपर्यंत दगड फोडायचा, दुपारी ढग आले की वर यायचं, आणि संध्याकाळी विहीर पुन्हा भरताना बघत बसायचं. वर वीज कडाडत असताना सुरुंग भरता येत नाही, म्हणून सगळं काम घण आणि पहारीनं. सटवाच्या बापाच्या काळासारखं.

"आबा वरून बघत असतील," सिदू घण टाकत म्हणायचा. "म्हणत असतील, एवढी क्रेन घेतली अन् पोरगं परत पहारीवर आलं."

"तू दगड बघ बे."

पण गंमत अशी की टोळी खुशीत होती. हयातीत पहिल्यांदा मे महिन्यात घाम न येता काम होत होतं. डोंगर हिरवा झाला होता. मोरांना काय करावं कळेना, ते दिवसभर ओरडायचे. वादळानं कैऱ्यांचा खच पाडला, आणि वस्तीवरच्या प्रत्येक घरातून टोळीला कैरीचं काही ना काही यायला लागलं. लोणचं, तक्कू, पन्हं, पुन्हा लोणचं. ओढ्याला पाणी आलं आणि वस्तीतले सगळे बाप्ये म्हशी धुण्याच्या निमित्तानं त्यात डुंबायला जाऊ लागले. ज्यांच्याकडं म्हैस नव्हती ते शेजाऱ्याची मागून न्यायचे.

संध्याकाळी लोक विहिरीच्या काठावर जमायचे आणि आभाळाचा अंदाज सांगायचे. सटवाला चिडवायला तेवढंच निमित्त.

"अण्णा, आज चाखलं का?"

"न्हाई."

"चाखा की. कुठल्या म्हशीचं हाय ते तरी कळंल."

सटवा मान खाली घालून विडी शिलगवायचा. काडी ओली असायची.

नीलाबाईंना त्याची दया आली की त्याच्या नाकाची, सांगता येत नाही. त्या रोज सकाळी ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून आणायच्या आणि "हुंगा" म्हणून समोर धरायच्या. सटवा हुंगायचा. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक जागचं हलायचं नाही.

"बघा," छबुबाई म्हणायची, "पाणी लागलं. डोळ्यांत का व्हईना."

दिवसभर नवऱ्याला असं सोलून काढणारी ही बाई संध्याकाळपर्यंत दांड्यावरून हात काढायची नाही. क्रेनचा दांडा तिच्याखेरीज कुणाच्या हाती द्यायचं सटवानं कधीच सोडलं होतं. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी एका पोऱ्यानं डबा आपटला आणि सटवाच्या खांद्याला लागला. दुसऱ्या दिवशी छबुबाई स्वतःच दांड्यावर जाऊन बसली, ती अजून उठलेली नाही. खाली दोर कसा हलतो यावरून नवऱ्याचं डोकं दुखतंय का भूक लागलीय हे तिला वर कळतं. घरात एकमेकांचं एक वाक्य पटत नाही, पण सहा परस अंतरावरून त्यांचं भांडण कधी झालेलं नाही.

अप्पा आले नाहीत ते आलेच नाहीत. पण एक दिवस त्यांच्या दुकानातून पोतं आलं. आत गमबूट होते, सगळ्यांच्या मापाचे. चिठ्ठी वगैरे काही नाही. सिदूनं लगेच घातले आणि वस्तीभर फौजदारासारखा मिरवून आला. सटवानं आपला जोड ताडपत्रीखाली ठेवून दिला. विहिरीला पाणी लागेपर्यंत तिच्यात पायताण घालून उतरायचं नाही, ही त्याच्या बापाची शिकवण.

"आता कसला शिरस्ता अण्णा?" सिदू म्हणाला. "इज्जत गेलीच हाय, पाय तरी कोरडे ठेवा."

"तू घाल. माझे पाय माझ्याजवळ राहू दे."

त्या दुपारी गारा पडल्या.

ढग नेहमीपेक्षा लवकर आले, तेही पिवळट. वारा असा सुटला की क्रेनच्या तारेची शिट्टी वाजायला लागली. छबुबाईनं वरून ओरडून डबा खाली सोडला. सिदू त्यात चढला आणि वर गेला. डबा सटवासाठी परत खाली येईपर्यंत पहिली गार दगडावर फुटली. मग एकदम सगळं आभाळच खाली आलं.

"तिथंच थांबाऽऽ! कडंला चिकटाऽऽ!" छबुबाईचा आवाज तुटत तुटत आला.

सटवा भिंतीला पाठ लावून, डोक्यावर घमेलं धरून उकिडवा बसला. गारा घमेल्यावर अशा वाजत होत्या की लग्नातला हलगीवाला लाजला असता. तळ बघता बघता पांढरा झाला. गारांचं पाणी पावलांवर चढलं, मग घोट्यांवर. मे महिन्यात, बीड जिल्ह्यात, जमिनीखाली सहा परस, सटवा थंडीनं कुडकुडत होता आणि दात वाजवत स्वतःशीच हसत होता. हे घरी सांगितलं तर कोण खरं मानील?

उजवा पाय बधिर झाला. पोटरीपर्यंत मुंग्या आल्या. मग त्याच्या लक्षात आलं की डाव्या पायाचं काही म्हणणंच नाही.

त्यानं डावा पाय हलवला. बोटं गार होती. टाच गार नव्हती. टाचेखाली, काल पहारीनं उकललेल्या चिरेपाशी, कुणीतरी कोमट हात ठेवावा तशी ऊब होती. त्यानं डावा पाय उचलून उजवी टाच तिथं टेकवली. जरा वेळानं ती बधिर टाचही हळूहळू जागी झाली. मग घमेलं टाकून, गारांचा मार पाठीवर घेत तो वाकला आणि पाण्यात तळवा ठेवला. बर्फासारख्या पाण्यातून अंगठ्याएवढी कोमट धार त्याच्या तळव्याला ढकलत होती. दमानं, पण थांबत नव्हती. वरून पडलेलं पाणी असं कोमट नसतं, हे खालून, दगडाच्या पोटातून येत होतं.

सटवानं तोंड उघडलं. छाती भरून घेतली. "नी" एवढं अक्षर ओठांवर आलं.

आणि त्यानं तोंड मिटलं.

गारा थांबल्यावर डबा त्याला घेऊन वर आला. पाठीवर टेंगळं उठली होती. छबुबाईनं एका नजरेत त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं आणि मग चेहऱ्यावर थांबली.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"मग तोंड कावून असं केलंय? पोरानं साखर चोरल्यावाणी?"

सटवानं इकडंतिकडं बघितलं. "छबे, तू खाली जा."

"मी?"

"चपला काढ अन् जा. सिदूनं काल चीर फोडली तिथं डावा पाय ठेव. अन् मला काही इचारू नको."

"दांडा कोण धरंल?"

"मी."

"तुमी!" छबुबाई दोन पावलं मागं सरली. "सायकल थांबवता येत न्हाई तुमाला. म्हाताऱ्या गुरवाच्या अंगावर घातली होती, आठवतंय का?"

"ती उतारावर होती."

"ही सरळ खाली हाय!"

शेवटी सिदूनं ब्रेकपाशी उभं राहायचं, या अटीवर ती डब्यात चढली. पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि उरलेला सगळा रस्ता नवऱ्याचं. डबा हिसके खात उतरत होता आणि प्रत्येक हिसक्याला विहिरीतून एक शिवी वर येत होती, आधीच्यापेक्षा लांबून. इतक्या वर्षांत सटवानं पहिल्यांदा वरून विहीर बघितली, म्हणजे आपलं माणूस खाली असताना. तिचं डोकं नाण्याएवढं दिसत होतं. त्याचे हात दांड्यावर घामानं भिजले. त्या उन्हाळ्यात आलेला हा त्याचा पहिला घाम.

डबा तळाला टेकला आणि शिव्या थांबल्या. 

"छबेऽऽ?" सटवा न राहवून ओरडला.

"थांबाऽऽ! पाय शेकायलेऽऽ!"

आणि मग विहिरीतून जी हाक आली तशी बोरखिंडीनं आधी ऐकली नव्हती. सटवाची हाक जाड होती, पोत्यासारखी. ही हाक तारेसारखी होती. ती भिंतींवर आपटली नाही, सरळ वर आली आणि डोंगरापर्यंत गेली.

"नीलाबाईऽऽ! पाय धुवायला याऽऽ! आता खरंच याऽऽ!"

नीलाबाई आल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग पायांवर पाणी ओतून घेतलं. गारा वितळलेलं पाणी इतकं थंड होतं की त्या किंचाळल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी फोन लावला.

"अवो, पाणी लागलं."

"कोण म्हणतंय?" अप्पांचा आवाज. "सटवा?"

"न्हाई. छबुबाईनं हाक मारली."

 पलीकडून शटर खाली ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आतून कुणाचा तरी, "अप्पा, माझी साखर! अप्पा, मी आतच हाय!"

त्या संध्याकाळी आभाळानंही एकदाची मेहरबानी केली. गारांचं पाणी उपसून विहीर रिकामी केली आणि पाऊस पडला नाही. सकाळी सगळी वस्ती काठावर उभी राहिली. तळाशी गुडघाभर पाणी होतं, आणि असं नितळ की चिरेतून वर येणारे बुडबुडे दिसत होते. सटवा उतरायला निघाला तशी छबुबाईनं दांड्यावरून विचारलं, "नाक?"

सटवानं जोरात श्वास ओढला. ओल्या गोधडीचा वास आला, डिझेलचा आला, कैरीच्या फोडणीचा आला, सिदूच्या गमबुटांचा तर लईच आला. त्यानं मान डोलावली आणि खाली गेला. ओंजळ तोंडात घेतली, डोळे मिटले. बराच वेळ त्यानं ती थुंकलीच नाही, गिळून टाकली. वर सगळे कान टवकारून थांबले होते.

"हाय," तो म्हणाला. हळूच. पण विहिरीनं ते मोठं करून वर पोचवलं.

आहेराच्या वेळी थोडी अडचण झाली. ज्यानं हाक मारली त्याला मालकानं फेटा बांधायचा, असाही शिरस्ता आहे. अप्पांनी गुलाबी फेटा आणला होता. ते आधी सटवाकडं वळले, थांबले, आणि मग छबुबाईपुढं जाऊन उभे राहिले. छबुबाई पदर तोंडाला लावून "नको, नको" म्हणत राहिली, पण मान मात्र पुढं केली. पदरावरून फेटा बसला. ती तशीच दांड्यावर जाऊन बसली, आणि शिट्ट्या मारणाऱ्यांत सटवाची शिट्टी सगळ्यात लांब होती.

"मग जेवण कधी?" सिदूनं मूळ मुद्द्याला हात घातला.

"जेवण?" अप्पा म्हणाले. "पाण्याचं जेवण तर झालं की. आता जेवण तुमच्या अण्णांकडं हाय. अख्खी वस्ती, पुरणपोळी, सोताच्या हातानं. मी पंगतीत बसून ऐकलंय."

सटवानं कबूल केलं. पहिला दिवस ठरला, त्या दिवशी पावसानं चुली विझल्या. दुसरा ठरला, तेव्हा लाकडं ओली. तिसऱ्या खेपेला लाकडं कोरडी, आभाळ कोरडं, पण डाळ भिजत घालायची असते हे सटवाला कुणी सांगितलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. तोवर मृग आला आणि क्रेन ट्रॅक्टरला जोडली गेली. जाताना नीलाबाई बांधापर्यंत आल्या.

"सटवाभाऊ, आमचं राहिलं बरं का."

"ध्यानात हाय अक्का. उघडीप पडली की आलोच."

मोसंबीची रोपं आता ढोपरापर्यंत आली आहेत. नीलाबाई विहिरीवर गेल्या की चप्पल काढून ठेवतात. कशाला ते त्यांनाही सांगता येणार नाही. मध्यंतरी अप्पा दुकानातून आलेले असताना नीलाबाईंनी कडा गावी सटवाला फोन लावला.

"काय सटवाभाऊ, पुरणपोळी कवा?"

"आता काय सांगू अक्का," सटवाचा आवाज आला, अगदी काकुळतीचा, "इकडं नुसतं धो धो चालूय. घराबाहेर पाऊल टाकता येईना. जरा उघडू द्या, दुसऱ्या दिवशी तिथं हजर."

नीलाबाई "बरं बरं" म्हणणार तोच मागून एक आवाज आला, तारेसारखा सरळ.

"आवो, एवढ्या उन्हात कावून उभे हाव? सावलीला बसून बोला की!"

नीलाबाईंनी फोन अप्पांच्या कानाला लावला.